सात-बाय-चौदाची लहान लेथ : पार्टिंगला टूल अडकतं, मशीन नेमकं कुठे लवतंय?

मिरजेचा_ओटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या मिरजेच्या घराच्या मागच्या पडवीत सव्वादोन वर्षांपासून एक लहान लेथ आहे. सगळे जिला इंचांच्या मापावरून सात-बाय-चौदा म्हणतात तीच. बेडवर १८० मि.मी. स्विंग (जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, जास्तीत जास्त व्यास), दोन सेंटरमध्ये ३५० मि.मी., जॉब धरायला ८० मि.मी.चा तीन जॉचा चक, तो फिरवणाऱ्या स्पिंडलला एमटी ३ आणि समोरच्या टेलस्टॉकला एमटी २ मापाचं निमुळतं भोक. वजन साधारण ४० किलो, त्यामुळे दोघांनी धरून पडवीत नेता आली. स्वयंपाकघरात असतो तसा विटांचा ओटा बांधून घेतला, वर कडप्पा टाकला आणि त्यावर लेथ बोल्टने बसवली.

धागा काढायचं कारण पार्टिंग, म्हणजे फिरत्या बारचा तुकडा अरुंद टूलने कापून वेगळा करणं. टर्निंग, फेसिंग, ड्रिलिंग पहिल्यापासून बरं होत होतं. पण २५ मि.मी.चा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) ब्राइट बार तोडायला घेतला की दरवेळी एकच गत. टूल पहिले दोन-तीन मिलिमीटर निमूट आत जायचं. मग खर्रर्र आवाज सुरू व्हायचा, टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलमधून तो थेट मनगटात यायचा. खाचेच्या तळाला बारीक लाटा दिसायला लागायच्या, आणि हात मागे घ्यायच्या आत जॉब टूलवर चढायचा. मोटर जागच्या जागी थांबायची, फ्यूज उडायचा. एचएसएसची (हायस्पीड स्टीलची) तीन ब्लेडं अशी मोडली. तिसऱ्या वेळी उडालेला तुकडा कपाटाच्या दारात रुतला. डोळ्यावर चष्मा होता म्हणून निभावलं.

ज्याला विचारलं तो म्हणाला, मोटर कमी पडतेय, मोठी टाक. मलाही तेच वाटत होतं. पण नीट पाहिलं तर मोटर थांबायची ती टूल अडकल्यानंतर. आधी टूल अडकतंय का, ते शोधायला हवं होतं. म्हणून एका रविवारी मशीन बंद ठेवून डायल गेज घेऊन बसलो. मॅग्नेटिक बेस बेडवर ठेवला, सुई टूल पोस्टच्या माथ्यावर टेकवली आणि टूलच्या टोकावर लाकडी दांडक्याने दाबलं. सुई ०.१२ मि.मी. हलली. दाब तेवढाच ठेवून सुई क्रॉस स्लाइडवर टेकवली, तर ०.०४. म्हणजे ०.१२ पैकी ०.०८ एकट्या कंपाउंड स्लाइडमध्ये (क्रॉस स्लाइड आणि टूल पोस्ट यांच्यामधल्या, कोनात फिरणाऱ्या लहान स्लाइडमध्ये) जात होते. टूलवर भार आला की कंपाउंड पुढे झुकतो, टूलचं टोक खाली जाता जाता जॉबच्या आत घुसतं, घुसलं की भार आणखी वाढतो, की ते आणखी घुसतं. मोठी मोटर बसवली असती तर ब्लेड जास्त जोरात मोडलं असतं, एवढंच.

मग कंपाउंड काढूनच टाकला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून बीडाचा (ओतीव लोखंडाचा) एक ठोकळा आणला आणि याच लेथवर चार जॉच्या चकात धरून त्याची दोन्ही तोंडं फेस केली. बीडाची वरची साल टणक असते. पहिला कट सालीच्या खाली जाईल एवढा खोल घेतला, नाहीतर टूलचं टोक दोन फेऱ्यांत बोथट होतं. बेडवर ओलं फडकं पसरलं होतं, कारण बीडाची काळी भुकटी स्लाइडमध्ये गेली तर ती पॉलिश पेपरसारखी घासते. कंपाउंडची जेवढी उंची होती तेवढीच ठोकळ्याची ठेवली, चार बोल्टने तो क्रॉस स्लाइडवर आवळला आणि टूल पोस्ट त्याच्यावर बसवला.

त्यानंतर कॅरेजच्या, म्हणजे बेडवरून सरकणाऱ्या टूलच्या गाड्याच्या, खालच्या पट्ट्या. त्या ढिल्या होत्या, कॅरेज हाताने उचलून पाहिलं तर सरळ उचललं जायचं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याचा पत्रा मायक्रोमीटरने ०.१० भरला, त्याचे शिम (फट भरायचे पातळ तुकडे) कापून बसवले. या मशीनला कॅरेज लॉक नव्हता. खालून एक पट्टी आणि एम ६ चा बोल्ट लावून तोही केला.

आता दांडक्याने तेवढंच दाबल्यावर टूल पोस्टवर ०.०३ दिसतात. आणि २५ चा एमएस बार १५० आरपीएमला, तेलाचे थेंब सोडत, आरामात तुटतो. चिप स्प्रिंगसारखी गुंडाळत खाचेतून वर येते. पहिल्यांदा तशी चिप आली तेव्हा घरातल्या सगळ्यांना पडवीत बोलावून दाखवली.

आता दोन प्रश्न आहेत. हेडस्टॉकची (स्पिंडल ज्यात फिरतो त्या भागाची) बेअरिंगं बदलावीत का? आणि मोटरचं काय? तिचं कंट्रोल कार्ड दोनदा जळालं, तिसऱ्यांदा तेच घ्यायची इच्छा नाही.

उद्यमनगरी

ठोकळा आमच्या गावचा, वाचून छान वाटलं. बीड घेतलंत ते उत्तम केलंत. बीड थरथर पोटात घेतं, म्हणून तर लेथचे बेड बीडाचे असतात. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याने जागा भरली असती, पण आवाजात फरक पडला असता.

फक्त एक, कंपाउंड भंगारात देऊ नका. टेपर टर्निंगला, म्हणजे निमुळता आकार काढायला, तो लागतोच. आटे पाडताना टूल २९ अंशातून आत न्यायची सवय असेल तर तिथेही लागेल. दीड मि.मी. पिचपर्यंत (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर) मी सरळ आत नेऊनच आटे पाडतो, काही बिघडत नाही.

आता बेअरिंगं. या लेथमध्ये बहुतेक वेळा ६२०६ ची बॉल बेअरिंगं असतात : आतून ३०, बाहेरून ६२, रुंदी १६. ती अक्षाच्या दिशेने येणारा भार फारसा घेत नाहीत. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. ३०२०६ टेपर रोलर घेतलं तर ताकद भरपूर मिळते, पण रुंदी १७.२५ असल्याने स्पेसर (बेअरिंगजवळची अंतर राखणारी रिंग) तेवढा कमी करावा लागतो. ७२०६ अँग्युलर काँटॅक्ट घेतलं तर रुंदी १६ च राहते, स्पेसरला हात लावावा लागत नाही. घरच्या कामाला दोन्ही पुरतात. टेपर घेणार असाल तर स्पेसर मशीन उघडायच्या आधी टर्न करून ठेवा. हेडस्टॉक खोलून झाल्यावर स्पेसरची आठवण झाली, तर तो टर्न करायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. आमच्याकडे असे दोघे-तिघे येऊन गेलेत.

बेअरिंग हातोडीने ठोकू नका. थ्रेडेड रॉड, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन ओढून बसवा. ओढताना भार बाहेरच्या रिंगवर यायला हवा, गोळ्यांमधून तो जाता कामा नये.

ठाण्याची_शिकाऊ

मी या विषयात अगदी नवीन आहे. धागा दोनदा वाचून काढला. मला घरच्या जुन्या सागवानी देव्हाऱ्यासाठी पितळी नॉब करायचे आहेत, आणि बाबांच्या जुन्या स्टोव्हचे काही भाग. बाजारात मिळणारे नॉब पत्र्याचे, पोकळ असतात. सोसायटीत तळमजल्यावर आमची एक छोटी खोली आहे.

नवी लहान लेथ घ्यावी की राजकोट-बटाल्याकडची जुनी साडेचार फुटी लेथ घ्यावी? काही जण म्हणतात जुनी मोठीच घे, लहान म्हणजे खेळणं. आणि मी मशीनला घाबरते, हेही सांगून ठेवते.

निवृत्त_निदेशक

ताई, आधी तुमच्या भीतीबद्दल लिहितो. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथ होत्या, त्यांच्यावर कितीतरी बॅचचे हात बसले. पहिल्या दिवशी घाबरणारी मुलं मला कधीच काळजीची वाटली नाहीत. लेथ लहान असली तरी नियम तेच राहतात. चकाची चावी चकात ठेवून हात काढायचा नाही. चावी एकतर हातात, नाहीतर खुंटीवर. हातमोजे घालायचे नाहीत. ओढणी, मोकळे केस, अंगठी, बांगड्या, मनगटातला धागा, यांतलं काहीही मशीनजवळ नको. चिप हाताने ओढायची नाही, तिच्यासाठी तारेचा आकडा करून ठेवा. पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून फिरत्या जॉबवर धरायचा नाही. आणि मशीन सुरू करण्याआधी चक एकदा हाताने पूर्ण फिरवून पाहायचा, जॉ कुठे लागत नाहीत ना ते बघायला. एवढं अंगवळणी पडलं की भीतीची जागा सावधपणा घेतो.

तुमच्या कामाला लहान लेथ पुरेल. जुनी साडेचार फुटी लेथ चांगली, पण तिचा बेड चकाजवळ झिजलेला असतो. सगळं काम तिथेच होत आलेलं असतं. ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कॅरेज चकाजवळ नेऊन गिब पट्टी (स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी) नीट आवळा आणि मग ते टेलस्टॉककडे नेऊन पाहा. वाटेत ते जड होऊन अडकलं, तर बेड झिजलाय असं समजा. शिवाय ती लेथ खोलीत न्यायला माणसं आणि चेन पुली लागेल.

मिरजकरांनी डायल गेज लावून जे शोधलं ते मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो. पण टूलबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लहान लेथवर कार्बाइडच्या टिपा घालायची घाई नको. त्यांना वेग आणि खोल कट लागतो, तो या मशीनला झेपत नाही. एचएसएसचा ८ किंवा १० मि.मी.चा चौकोनी बिट घ्या आणि बेंच ग्राइंडरवर स्वतः धार लावायला शिका. पुढून ८ ते १० अंश क्लिअरन्स (टूल जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार), बाजूने तेवढाच. एमएससाठी वरून १२-१४ अंश रेक (टूलच्या माथ्याचा उतार) द्या. पितळासाठी मात्र वरचा भाग सपाट ठेवा, रेक शून्य. पितळाला रेक दिला की टूल आत ओढलं जातं आणि जॉब चकातून निसटतो. नॉब तुम्ही पितळाचे करणार आहात, म्हणून हे वहीत लिहून ठेवा.

धार लावताना बिट हाताला चटका बसेपर्यंत धरू नका, मध्ये मध्ये पाण्यात बुडवा. एचएसएस थोडं निळं झालं तरी लगेच बिघडत नाही. मग ऑइल स्टोनवर टोकाला नखाच्या कडेएवढी गोलाई द्या. फिनिश त्या गोलाईतून येतं.

टूलचं टोक सेंटरला हवं. टेलस्टॉकच्या सेंटरला टेकवून बघा, किंवा सहा इंची स्टीलची पट्टी जॉब आणि टूलमध्ये अलगद धरा. पट्टी उभी राहिली तर सेंटर बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे.

वेगाचं गणित सोपं आहे. ३२० ला कापायच्या वेगाने गुणायचं आणि जॉबच्या व्यासाने भागायचं. एमएसला एचएसएसने मिनिटाला २५ मीटर धरा, पितळाला ५०. म्हणजे २५ मि.मी.च्या एमएसला ३२० आरपीएम, १२ मि.मी.च्या पितळाला १३०० च्या आसपास. पार्टिंगला याच्या निम्मा. मिरजकरांनी १५० घेतला, बरोबर घेतला.

एमएसला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, पितळ आणि बीड कोरडंच.

इचलकरंजीकर

मोटरबद्दल मी सांगतो. माझ्याकडे तीच लेथ आहे आणि तिचंही कार्ड जळालं होतं. आमच्याकडे व्होल्टेज कधी १७० तर कधी २६०. मी गारमेंटवाल्यांच्या शिलाई मशीनची ५५० वॅटची सर्व्हो मोटर बसवली. इथे दुरुस्तीवाले जागोजागी आहेत, जुनी मोटरसुद्धा चालू हालतीत मिळते. आवाज जवळजवळ नाही, वेग नॉबने ठरतो, आणि ब्रश नसल्याने कार्बनची कटकट संपली.

अडचण अशी की तिला पायाच्या पेडलचा इशारा लागतो. कंट्रोल बॉक्समधून एक लहान दांडी बाहेर येते, पेडल दाबलं की ती खाली ओढली जाते, आत चुंबक आणि सेन्सर असतो. मी पेडल काढून त्या दांडीला सायकलच्या ब्रेकची केबल लावली आणि केबलचं दुसरं टोक लेथच्या पुढच्या एका लिव्हरला. लिव्हर खाली केली की मोटर चालू, सोडली की स्प्रिंगने बंद.

कमी वेगाला तिची ताकद उतरते, म्हणून वेग पुलीनेच कमी करा. मी मोटर ते स्पिंडल १ ला ३ ठेवलंय. मोटर ३००० ला असली की चक १००० ला फिरतो. मोठ्या व्यासाच्या कामाला १ ला ६ ची दुसरी पुली जोडी आहे, बेल्ट हाताने बदलतो.

दुसरा मार्ग म्हणजे एक एचपीची थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). खर्च जास्त, पण मोटर कुठेही मिळते आणि कोणीही भरून देतो.

निवृत्त_निदेशक

इचलकरंजीकरांच्या मोटरला एक जोड देतो. आपल्याकडे वीज जाते आणि न सांगता येते. वीज गेली म्हणून तुम्ही चकाला हात लावला, जॉब सोडवायला चावी घातली, आणि त्याच क्षणी वीज आली तर? नुसतं टॉगल बटण असेल तर मशीन आपोआप सुरू होतं. म्हणून डीओएल स्टार्टर किंवा नो-व्होल्ट स्विच लावाच. वीज गेली की त्याची कॉइल सुटते, आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. तो लिव्हरचा प्रकारही याच स्विचच्या पुढे जोडा. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. वीज अशी अचानक आल्यानेच एका विद्यार्थ्याची दोन बोटं गेली, आमच्या वर्कशॉपमध्ये नाही, त्याच्या घरी. त्याचा हात अजून डोळ्यांपुढे येतो.

रत्नांग्री

आमच्याकडे प्रश्न गंजाचा. जूनमध्ये पागोळ्या सुरू झाल्या की रात्री पुसून ठेवलेला बेड सकाळी तांबूस. समुद्राची खारी हवा, त्यात घामाचे हात. बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजून उमटतात.

बरेच उपाय करून आता एकच ठेवलाय. काम संपलं की बेड, चक, टेलस्टॉकचा बॅरल कोरड्या फडक्याने पुसायचा, ६८ नंबरच्या स्लाइडवे ऑइलचा हात फिरवायचा, वर जाड सुती चादर टाकायची. प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, त्याच्या आत दव धरतं. आणि चादरीच्या आत, चादरीला चिकटणार नाही अशा बेताने, तारेच्या जाळीत ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. बीड खोलीपेक्षा जरा उबदार राहिलं की त्यावर पाणी धरत नाही. चार पावसाळे झाले, बेड आरशासारखा आहे. पाण्यात मिसळायचं कूलंट मी वापरत नाही.

नॉटिंगहॅमहून

मी मूळचा सांगलीचा, आता इथे असतो. ज्या शहरात राहतो त्याला लागूनच बीस्टन आहे, जिथे मायफर्ड लेथ व्हायच्या. त्यांची एमएल ७ १९४६ मध्ये आली, आणि इथल्या घराघरांतल्या शेडमध्ये तिने कितीतरी लहान वाफेची इंजिनं घडवली. कारखाना २०११ मध्ये बंद झाला. माझ्याकडची एमएल ७ एका वृद्ध गृहस्थांच्या घरातून आली. तिच्या ड्रॉवरमध्ये त्यांनी हाताने घासलेले टूल बिट जाड कागदात गुंडाळून ठेवले होते, प्रत्येकावर पेन्सिलीने धातूचं नाव. मी अजून त्यातलेच वापरतो.

इथल्या लोकांची पार्टिंगची एक पद्धत मिरजकरांना उपयोगी पडेल. पार्टिंग टूल पुढच्या टूल पोस्टमध्ये न धरता क्रॉस स्लाइडच्या मागच्या टोकाला एक घट्ट ठोकळा बसवून त्यात उलटं धरतात, धार खाली. चक नेहमीसारखाच फिरतो. मागच्या बाजूला जॉब वर येत असतो, तो टूलला वर ढकलतो. टूल लवलंच तर ते जॉबपासून दूर जातं, आत घुसत नाही. चिपही खाली पडते, खाचेत अडकत नाही. एमएल ७ चा चक आट्यांवर बसतो, त्यामुळे चक उलटा फिरवला तर तो सुटू शकतो. या पद्धतीत तशी गरजच पडत नाही. तुमच्या लेथचा चक फ्लॅंजला स्टडने बसतो, तुम्हाला ती चिंता नाही.

एक आट्यांचा मुद्दा. तुमचा लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) १.५ मि.मी. पिचचा असेल तर मेट्रिक आटे सोपे आहेत. १ मि.मी. ला ४०/६० दातांचे गिअर, १.२५ ला ५०/६०. जुन्या इंग्रजी यंत्रांचे इंची आटे पाडायचे झाले की लोक १२७ दातांचा गिअर शोधतात, आणि तो या लहान गिअर बॉक्समध्ये मावत नाही. ६३ दातांचा गिअर घ्या. १६०० ला ६३ ने भागलं की २५.३९६८ येतात, म्हणजे इंचाच्या इतकं जवळ की लहान लांबीत फरक कळत नाही. १६ टीपीआयसाठी (इंचाला १६ आटे) ४० आणि ५० चालवणारे, ६३ आणि ३० चालणारे. मी कागदावर मांडून पाहिलंय, एका मीटरमागे चूक ०.१३ मि.मी. सुद्धा होत नाही. स्टोव्हचे आटे जुने असतील तर ताईंनाही हे लागेल. आधी पिच गेजने मोजून घ्या.

मिरजेचा_ओटा

सगळ्यांचे आभार. उलट्या टूलचा ठोकळा करायचं मनात पक्कं झालंय. बेअरिंगं बदलली, ती हकीकत लिहितो.

३०२०६ घेतली. उद्यमनगरीदादांचं ऐकून स्पेसर आधीच टर्न करून ठेवले. जुनी बेअरिंगं काढल्यावर बोटात धरून फिरवली, तर मागचं एक रेतीत फिरल्यासारखं खरखरत होतं. म्हणजे नुसत्या प्रकाराचा प्रश्न नव्हता, ते खराबच झालं होतं. नवीन थ्रेडेड रॉडने ओढून बसवली, ग्रीस थोडंच भरलं.

प्रीलोडला, म्हणजे नट आवळून बेअरिंगवर नेमका दाब द्यायला, सगळ्यात जास्त वेळ गेला. नट आवळायचा, वीस मिनिटं ८०० आरपीएमला चालवायचं, हेडस्टॉकला हात लावायचा. पहिल्यांदा इतका गरम झाला की हात ठेवता येईना. थोडा ढिला केला तर चकात सळई धरून हलवल्यावर सुई ०.०२ दाखवायला लागली. पाचव्या खेपेला जमलं : हात ठेवता येतो, उबदार लागतो, सुई जवळजवळ हलत नाही.

हेडस्टॉक एकदा काढून परत बसवला की तो बेडशी समांतर आहे का ते पाहावं लागतं. २५ मि.मी.च्या बारचा मधला भाग बारीक केला, दोन टोकांना दोन कॉलर ठेवल्या, १२० मि.मी. अंतराने. टेलस्टॉकचा आधार न देता एकाच सेटिंगमध्ये दोन्हींवरून हलका कट फिरवला. चकाजवळची २४.५० आली, बाहेरची २४.५६. व्यासात ०.०६ चा टेपर. बाहेरची कॉलर मोठी, म्हणजे जॉबचं ते टोक टूलपासून पलीकडे कललेलं. हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून एका कोपऱ्यात ०.०३ चा शिम घातला, परत कट, परत मोजणं. शेवटी कडप्प्याखाली एक सिमेंटचा खडा सापडला. ओट्यावर लेथ बसवताना तो राहिला होता आणि बोल्ट आवळले की बेडला पीळ पडत होता. खडा काढला, हेडस्टॉकखालचा शिमही काढला. आता १२० मि.मी. मध्ये ०.०१. एवढे दिवस मी जो दोष हेडस्टॉकला देत होतो त्यातला बराचसा त्या खड्याचा होता.

मोटर अजून घेतलेली नाही. बेअरिंगं बदलल्यावर जुनीच हलकी फिरतेय. कार्ड परत गेलं तर इचलकरंजीला येतो.

उद्यमनगरी

कडप्पा बघून मलाही तीच शंका आली होती, लिहायचं राहिलं. लेथ आधी नुसती टेकवायची, चारही कोपऱ्यांत फीलर गेज घालून बघायचं, जिथे फट असेल तिथे शिम भरायचा, मगच बोल्ट. बेड बीडाचा असला तरी एवढ्या लहान लेथचा बोल्टच्या जोराने पिळतो.

ठाण्याची_शिकाऊ

दीड महिन्याने लिहितेय. लहान लेथच घेतली. पहिला आठवडा मशीन फक्त स्वच्छ केलं. आतल्या लाल चिकट ग्रीसमध्ये धातूचे कण होते, ते रॉकेलने धुऊन नवं तेल दिलं. गिब पट्ट्या आवळल्या. कॅरेजखाली शिम घातले, आमच्याकडच्या डब्याचा पत्रा ०.०९ भरला. नो-व्होल्ट स्विच इलेक्ट्रिशियनकडून लावून घेतला. खंडेनवमीला आईने लेथला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ मात्र मशीन बंद असतानाच आणि तेवढ्यापुरती.

निदेशक सरांनी सांगितलं तसं पितळाला टूल वरून सपाट ठेवलं. १२ मि.मी.चा बार, १२०० आरपीएम. पिवळा भुसा सरळ उडत राहिला, टूल कुठेही ओढलं गेलं नाही. नॉबचा गोल माथा दोन्ही हँडल एकदम फिरवून काढायला शिकले, शेवटची गोलाई फाइलने. मागून ४.२ चं ड्रिल, एम ५ चा टॅप.

सहा नॉब झाले. पहिले दोन एकमेकांशी जुळत नाहीत, ते खालच्या खणाला लावले. वरच्या चौघांत व्हर्निअरने ०.०५ च्या वर फरक नाही. आईने काल दिवा लावताना वरचं दार उघडलं आणि नॉब हातात तसाच धरून थोडा वेळ उभी राहिली.

स्टोव्हच्या आट्यांना पिच गेज लावलाय, इंचीच निघाले. ६३ चा गिअर मिळेल का कुठे, मॉड्यूल (दातांचं माप) १, पुण्यात बोहरी आळीत विचारावा की मुंबईत नागदेवीला?

निवृत्त_निदेशक

ताई, नागदेवीला विचारा. नाहीच मिळाला तर मला इथे निरोप द्या. आमच्या जुन्या वर्कशॉपचा एक विद्यार्थी गिअर हॉबिंगचं काम करतो, त्याला ६३ दातांचा एक कापायला सांगतो. गिअरचं आतलं भोक किती आणि त्यातली चावीची खाच केवढ्या मापाची, ते मोजून लिहा.